शेजारचं टेबल

ताडकळसच्या जनावरांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बोलण्याआधी चष्मा पुसते आणि प्रत्येक वाक्य ‘बघा’नं सुरू करते. टायपिंगमध्ये माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. गावोगावहून आलेल्या एक्सेलच्या याद्यांमधून लसीकरणाच्या नोंदी मी महिनाभर एकेक करून दवाखान्याच्या डेटाबेसमध्ये भरत होतो. तिनं नेटवरची एक फुकटची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोड, घेतली, थोडा स्वतः लिहिला आणि उरलेल्या हजारो नोंदी चहा निवायच्या आत डेटाबेसमध्ये घातल्या.

डॉक्टर खूश झाले, तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बघा, दादांनी याद्या लय नीट लावलेल्या, म्हणून जमलं.”

ते कौतुक मला झोंबलं. तिची एक तरी चूक सापडावी म्हणून मी तीन दिवस सगळ्या नोंदी ताडून पाहिल्या. चार चुका निघाल्या. चारही मी हातानं भरलेल्या नोंदींत होत्या.