निघताना काय म्हणालात?

माझी ताई लॉन्ड्रीत इस्त्री करते. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की वाफेच्या इस्त्रीसमोर जी उभी राहते, ती संध्याकाळपर्यंत. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. शर्ट हँगरला, नंबराची चिठ्ठी बटणाला, वरून प्लॅस्टिक. बोलणं जेवढ्यास तेवढं. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये आहे आणि तिथे पोरांना नि मास्तरांना एकाच आवाजात रांगेत उभं करते.

आम्ही दोघी बहिणी या परक्या देशात एका खोलीत राहतो. मला इथे कायमचं राहायचा परवाना आधीच मिळाला होता, ताईचा अडकला होता. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. आमचे वडील, अण्णा, तिकडे आजारी पडले तेव्हा मला रजा मिळाली नाही, म्हणून ताई गेली, आणि नियमात बसतं त्यापेक्षा जास्त दिवस राहिली. अण्णांचं अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं तिने एकटीने केलं. ते जरा सावरले म्हणून ती परतली, आणि पाठोपाठ ते गेल्याचा फोन आला. आता इथलं सरकार म्हणत होतं, इतके दिवस बाहेर होतात म्हणजे इथलं घर तुम्ही सोडलंत. सोडलं नव्हतं हे पटवा, नाहीतर सामान बांधा. बांधून जायचं कुठे? अण्णांची भाड्याची खोली घरमालकाने दुसऱ्याला देऊनही टाकली होती.

तिकडून आल्यापासून ताईला एक खोड लागली. न सांगता बाहेर पडायची. पूर्वी चपला घालता घालता "येते गं" म्हणायची आणि मी आतून "ये" म्हणायची. आता नुसता दाराचा आवाज. मी दोन-चारदा चांगलं झापलं. "जिभेला काय झालंय तुझ्या? माणसाने सांगून निघावं." ती "हो" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परवान्याची काळजी असेल, असं म्हणून मी नाद सोडला.

परवान्याच्या मुलाखतीला मी सोबत गेले. तिथल्या साहेबांनी आधीच बजावलं, नातेवाइकांनी मागच्या खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. म्हणजे मला बांधूनच घातलं म्हणा ना. ताईला इथली भाषा दुकानापुरती येते, म्हणून टेबलावरच्या फोनमधून एक दुभाषी बाई बोलत होती. तिचं मराठी शाळेच्या पुस्तकातलं, स्वच्छ आणि कोरडं. साहेबांच्या शर्टाच्या बाहीवर इस्त्री चुकून दोन घड्या पडल्या होत्या. ताईची नजर त्या बाहीवरून हलेना. मी मनात म्हटलं, बाई, बाही सोड, तोंडाकडे बघ.

दुकानाच्या मालकिणीचं पत्र पाहून झालं, भाड्याच्या पावत्या पाहून झाल्या. मग साहेबांनी विचारलं, "इथून निघालात तेव्हा घरी काय सांगून निघालात?"

"येते म्हटलं," ताई म्हणाली.

दुभाषी बाईंनी शब्दाला शब्द लावून दिला: मी येत आहे, असं म्हणाल्या. साहेब गोंधळले. "येत आहे? तुम्ही तर जात होतात."

"हो, जातच होते."

"बरं. आणि तिकडून वडिलांना सोडून निघालात, तेव्हा त्यांना काय सांगितलंत?"

"येते म्हटलं."

पुन्हा तेच भाषांतर. साहेबांनी पेन खाली ठेवलं. इथे सांगितलं येते, तिथे सांगितलं येते. मग तुमचं घर नक्की कुठलं, बाई? मी म्हटलं, "अहो साहेब, आमच्यात..." त्यांनी माझ्याकडे न बघता दाराकडे बोट केलं. मी खुर्चीत मागे सरकले.

ताईच बोलली. एरवी तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मिनतवाऱ्या. "साहेब, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. दुकानात जायचं असो की देश सोडून, येते म्हणायचं. घरातल्याने ये म्हणायचं."

फोनमधल्या बाईचा आवाजच बदलला. "अगं बाई, खरंच की. माझी आईसुद्धा असंच म्हणते," असं आधी मराठीत म्हणाली आणि मग साहेबांना नीट समजावून सांगितलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "म्हणजे या शब्दावरून मला काहीच कळत नाही. तो तुम्ही सगळीकडेच म्हणता." मग सहज विचारलं, "वडील काय म्हणाले? ये?"

ताईने पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवला. घाबरली की ती असंच करते.

"नाही," ती म्हणाली. "जा म्हणाले."

मी ताडकन सरळ झाले. हे मला माहीत नव्हतं.

"मला वाटलं, चुकून म्हणाले. मी परत म्हटलं, अण्णा, येते. तर माझा हात धरून म्हणाले, आता इथे कोणाकडे येशील? तुझं घर तिकडे आहे. जा तू." तिने खांद्यावरचा हात खाली घेतला. "माझे वडील कधी कोणाला जा म्हणाले नाहीत, साहेब. भांडून निघालेल्या माणसालासुद्धा नाही."

दुभाषी बाईंनी हे अगदी हळू सांगितलं. साहेबांनी पेन उचललं आणि ते बराच वेळ लिहीत राहिले. शेवटी म्हणाले, झालं, तुम्ही जाऊ शकता. मी सवयीने दारातून म्हटलं, "बरं, येतो आम्ही." फोनमधल्या बाईंनी नियमाप्रमाणे तेही भाषांतर केलं. "यायची गरज नाही," साहेब म्हणाले, "उत्तर टपालाने येईल."

बसथांब्यावर मी तिला धरलं. "इतके दिवस मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? बापाने जा म्हटलं, हे?"

"आणि म्हणून माझ्यापाशीही येते म्हणणं टाकलंस?"

"दारात उभी राहिले की शब्द तोंडात यायचा. पण पुढून काय उत्तर येईल, याची भीती वाटायची."

"मी तुला जा म्हटलं असतं का, वेडे?"

"तू रागात काहीही म्हणतेस."

मला रडू फुटलं. अण्णा गेल्यापासून मी धड रडलेच नव्हते, ती तिथे रडले, आणि आमची बस निघून गेली. ताई माझी पर्स धरून उभी राहिली.

टपाल यायला बराच काळ गेला. तेवढा काळ ती तशीच मुकाट्याने दार ओढून कामावर जायची, आणि मी झापायचं सोडलं होतं. एका संध्याकाळी लिफाफा आला. परवाना मंजूर, कायमचा. ताईने तो मला मोठ्याने वाचायला लावला, पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मग भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. बाहेर चपलांचा आवाज झाला, दार उघडलं, आणि मग बंद होईना.

"येते गं," ती म्हणाली.

तोंडात पेस्टचा फेस होता. तशीच धावत दारात गेले, तर ती जिना उतरायलाही लागली होती. मी फेसासकट ओरडले, "ये."

ती अर्ध्या जिन्यात थांबली, वर बघून म्हणाली, "आधी तोंड धू," आणि कामाला गेली.