भागीचा हात

कुंभवलीजवळची आमची भातशेती मी बंद केली, जमीन पुन्हा मूळच्यासारखी व्हावी म्हणून तिथं रान माजू दिलं आणि चरायला चार म्हशी सोडल्या. गावानं मला वेड्यात काढलं. काढू दे! राखणीला मात्र मला भागीच हवी होती. तिनं चाळीस वर्षं याच शेतातलं तण उपटलं होतं. इथलं गवत तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

पहिल्याच वर्षी मी दोन दिवस बाहेरगावी गेले. येऊन बघते तर काय, ज्याची मी वाट बघत होते ते सगळं गवत मुळासकट उपटून बांधावर रचलेलं! मी भडकले. भागी ओशाळली.

"हात आयकत नाय, बाय," ती म्हणाली.

तेव्हापासून ती दोन्ही हात पाठीशी धरूनच रानात फिरते.

काल गवतात भाताचं एक रोप दिसलं. कुठल्याशा सांडलेल्या दाण्याचं, लोंबी धरलेलं. भागी त्याच्यापाशी उकिडवी बसली, लोंबीवरून बोट फिरवत राहिली. तेवढ्यात म्हैस आली. भागीनं सवयीनं हात उगारला, मग सावकाश खाली घेतला आणि बाजूला सरकली.

"खा," ती म्हशीला म्हणाली, "आता इथं ह्येच तण हाय."