जावयाच्या दुकानातलं कार्ड

माझा कॉम्प्युटर स्वस्तातला. घेतला तेव्हा घरांचे नकाशे काढायचे एवढंच काम होतं, आणि सपाट नकाशे तो निमूटपणे काढायचा. नांदेडात एका इंजिनिअरच्या हाताखाली पंधरा वर्षं नकाशे काढल्यावर मी घरीच टेबल मांडलं, तेव्हापासून हाच माझा भागीदार. पण आता लोकांना नकाशा नको असतो. त्यांना न बांधलेलं घर रंगासकट, आत फिरून बघायचं असतं. थ्रीडी उघडलं की भागीदार मान टाकायचा. एक भिंत फिरवायला लावून मी चहा पिऊन यावं, तरी भिंत निम्मीच फिरलेली असायची.

तसंही रेटून नेलं असतं, पण मध्ये आमच्या गावचा विहार आला.

गाव जळकोट तालुक्यात. विहार म्हणजे पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात आत बसवत नाही. गावच्या समितीनं पक्की इमारत बांधायचं ठरवलं, वर मुलांसाठी अभ्यासिका. माझे वडील जन्मभर गवंड्याच्या हाताखाली राबले. लोकांच्या माड्यांना त्यांनी विटा वाहिल्या आणि त्या शेडात बसून म्हणायचे, आपल्याला एक धड छत होईना. छत व्हायच्या आत ते गेले. त्या छताचा नकाशा माझ्या हातचा असावा, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. फी घेणार नव्हतो. पण समितीनं तिघांकडून नकाशे मागवले, आणि अध्यक्ष मला फोनवर म्हणाले, "नकाशा कळत न्हाई गड्या लोकाला. शाळेतल्या टीव्हीवर लावू. चित्र हाललं पायजे, आत शिरल्यावाणी." सभेला दीड महिना होता.

म्हणून रॅम वाढवायची आणि ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं. रॅम वाढली की मोठी फाइल गुदमरत नाही आणि कार्ड असलं की चित्र हलतं, एवढं मला माहीत होतं. आता नांदेडात काय दुकानं कमी आहेत? पण माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं लातूरला कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि आईनं निकाल दिला, "घरचं दुकान सोडून लोकाच्या दारात जातूस? लेकीला काय वाटंल?" मग सीपीयूचा डबा चादरीत गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. कंडक्टरनं विचारलं, लेकरू हाय का मशीन. मला हसू आलं नाही, पाय बधिर झाले होते.

बहिणीचा नवरा माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तरी जावई म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो आणि अहो-जाहो करतो. दाजींनी डबा उघडला आणि मला मागच्या घरात जेवायला पाठवलं. बहिणीनं मटण केलं होतं. जेवून बाहेर येतो तर सगळं बसवून तयार. दाजींच्या दुकानातल्या मॉनिटरवर माझा विहार गरागरा फिरत होता. मी इतका खूश झालो की परतीच्या एसटीत डबा जड लागला नाही.

घरी येऊन सगळ्या वायरी जिथल्या तिथं लावल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, रॅम दुप्पट दिसली, यादीत कार्डाचं नावही दिसलं. विहार उघडला, फिरवला आणि चहा पिऊन आलो. भिंत निम्मीच फिरलेली.

मी लातूरला लावायला फोन उचलला, तर आई आडवी आली. "आरं, जावयाला आसं इचारत आस्त्यात व्हय? त्येनी येवढ्या मायेनं दिलं आन् तू खोट काढतूस? आपली लेक नांदून राहिली तिथं." बहिणीच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमच्याकडे जावयाला साधं 'भाजी खारट झाली का' असंही विचारत नाहीत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. आम्ही ग्रह मानत नाही, वडिलांनीच ते सगळं घराबाहेर काढलं. पण हा दहावा तेवढा राहून गेला. मीही शहाणा, फोन खाली ठेवला.

दोन-दोन दिवसांनी बहिणीचा फोन यायचा. "जय भीम दादा. कार्ड चालतंय ना? ह्यांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं दिलंय तुला." मी म्हणायचो, "झकास चालतंय." खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या महिन्यात लागली.

नांदेडातल्या एका दुकानात डबा नेला. मालकानं हातसुद्धा लावला नाही. "दुसरीकडून घेतलेला माल आपण खोलत नाही साहेब. नंतर नाव आपलं खराब होतं, बिनाकामाचं झंझट." दुसऱ्यानं नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वापरलेलं दिसतंय. कुणी दिलं?" मी म्हटलं, घरच्याच माणसानं. तो हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी आत जेवत होतो तेव्हा दाजींनी चांगलं कार्ड काढून जुनं तर बसवलं नाही? असा विचार करणारा मी माणूस नव्हे, पण केला. रोज केला. त्या मटणाची आठवण आली तरी माझ्या कपाळावर आठी यायची.

बाकी सगळे उपाय झाले. रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली. पंख्यातली धूळ फुंकली. सॉफ्टवेअर तीनदा काढलं आणि तीनदा घातलं. व्हिडिओ बनवायला लावला की विहाराच्या दारापर्यंत जायचा आणि उंबऱ्यावर अडकायचा. महिनाभर मी त्या उंबऱ्यावर उभा होतो. आत काही जाता आलं नाही.

सभेला मी रंगीत कागद घेऊन गेलो. लातूरच्या एका ऑफिसनं व्हिडिओ आणला होता. त्यात दार आपोआप उघडत होतं, पांढरे पक्षी उडत होते आणि अंगणात कारंजं होतं. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, आणि हे कारंजं! कुणी विचारलं नाही पाणी कुठून आणणार. माझ्या विहाराला मावळतीच्या बाजूला खोल ओसरी होती, कारण त्या शेडातलं दुपारचं ऊन मी अंगावर घेतलंय. मी ते सांगत होतो आणि लोक बंद टीव्हीकडे बघत होते. शेवटी अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं बी चांगलं हाय. पर तुझं हालत न्हाई." काम लातूरला गेलं. घरी आईला मी नुसतं म्हणालो, बघू म्हणालेत.

नंतर आठेक दिवसांनी बहीण आणि दाजी नांदेडला आले. चहा झाल्यावर दाजी म्हणाले, "भाऊ, मशीन दाखवा की. कसं चालून राहिलं बघू." आईनं मला डोळ्यांनी दटावलं. मी विहार उघडला आणि फिरवून दाखवला. दाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते उठले आणि डब्याच्या मागं वाकले.

"भाऊ, मॉनिटरची वायर जुन्याच जागी लावली की तुम्ही. ही कार्डात लावायची आस्ती. कार्ड नुसतं बसून हाय, त्याच्याकडं कामच येईना."

"ती निळी वायर कार्डात बसतच नाही," मी म्हणालो.

"ती न्हाईच बसत. त्याला दुसरी लागती." त्यांनी टीव्हीमागची वायर उपसली, आईची मालिका बंद पडली, आणि ती वायर मॉनिटरला आणि कार्डाला लावली. विहार गरागरा फिरला. दाजी हसले, "येवढं तर होतं! फोन करायचा ना भाऊ. एका मिनटाचं काम."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. ज्या माणसाला मी महिनाभर मनात चोर ठरवलं होतं तो माझ्या टेबलाखालची धूळ गुडघ्यांना लावून उठत होता. मला लाज वाटली आणि संतापही आला. वायरीचा, आईचा आणि सगळ्यात जास्त माझा. दाजींना मी सभेचं काही सांगितलं नाही.

ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ बनवायला लावला. जेवायला बसलो तेव्हा सुरू केला, हात धुऊन आलो तर पूर्ण. उंबरा ओलांडून आत, मूर्तीसमोरून, जिन्यानं वर अभ्यासिकेत. आईला बोलावलं. ती खाटेवर बसून बघत होती. ओसरी आली तशी म्हणाली, "थांबीव. हितं बसले आसते बग तुझे बाबा. सावली हाय." मग बराच वेळ तिथंच बघत राहिली. "कवा बांधायचंय?"

मी तिला सगळं सांगितलं. काम दुसऱ्याला लागलं, तिथं कारंजं होणार, आणि आपलं एका वायरीपायी राहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे रागानं बघून म्हणाली, "आरं मंग, जावयाला एक फोन करायचा व्हता की."