बाबांचा डोस

बाबांचं हृदय आधी थकलं, आईचं त्यानंतर दोनेक वर्षांनी. दोघांचे डॉक्टर एकच, सदर भागातले. गोळ्याही त्याच. थोड्या मात्रेनं सुरुवात करायची आणि पूर्ण डोसपर्यंत वाढवत न्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. बाबांना तो मानवला. पायांची सूज उतरली, दम लागेनासा झाला आणि ते बेसाच्या बाजारातून पिशवी भरून भाजी आणू लागले.

आईचं उलटं झालं. डोस वाढला तशी उठून उभं राहिलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. आयुष्यभर शाळेत मुलींना खो-खो शिकवलेली ही बाई स्वयंपाकघरात भिंत धरून चालायला लागली. मी मनीषनगरच्या माझ्या घरून जाऊन तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचं पुरतं ऐकलंही नाही. बायका आजाराचा फार धसका घेतात, म्हणाले, आणि वर झोपेची गोळी लिहून दिली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मी बी तीच गोळी खाऊन राहिलो ना? मग मले काहून काही होत नाही?"

कोणाला न सांगता आई सुरीनं गोळी अर्धी करून घेऊ लागली. तिला बरं वाटलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला ती पुन्हा एकटी जायला लागली. पुढच्या तपासणीला तिनं हे आपणहून सांगितलं. डॉक्टर चिडले. आपल्या मनानं औषध तोडाल तर जिवावर बेतेल, असं त्यांनी सुनावलं. त्या दिवसापासून बाबा तिला समोर बसवून अख्खी गोळी गिळायला लावायचे. त्याच आठवड्यात ती बाथरूममध्ये पडली. उजवं मनगट मोडलं.

बाबांनी आणि मी प्लास्टरसाठी तिला जिथे नेलं, तिथल्या डॉक्टरबाईंनी तिचं बीपी आधी झोपवून पाहिलं, मग उभं करून. उभी राहताच ते एकदम खाली आलं. त्यांनी सांगितलं, या औषधांच्या चाचण्यांत पुरुषच जास्त होते, आणि त्यातून निघालेला डोस सगळ्यांना लावला गेला. तेवढीच गोळी बाईच्या रक्तात पुष्कळदा जास्त उतरते. बऱ्याच बायकांना कमी मात्रेतही तितकाच फायदा होतो, असं आता दिसतंय. त्यांनी डोस निम्म्यावर आणला.

"म्हणजे मी खोटं नव्हती बोलत," आई म्हणाली. बाबांनी नव्या डोसाची चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.

चक्कर थांबली. मनगट मात्र वाकडंच जुळलं. तिला आता कणीक मळता येत नाही. सदरच्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा काही पेशंट सेन्सिटिव्ह असतात, एवढंच म्हणून त्यांनी पुढचा नंबर बोलावला. बाबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "तिची तब्येत नाजूक आहे, तिले कमीच पुरते." आई ते ऐकते आणि आत निघून जाते. हल्ली छातीत जरा काही वाटलं की ती मला फोन करते. बाबा शेजारच्याच खोलीत असतात. त्यांना ती सांगत नाही.