कोरगावची सम, ब्राँक्सची क्लावे

१९८७ च्या जूनमध्ये, गोवा घटक राज्य झाल्याला तीन आठवडे झाले असताना, मी कोरगाव सोडले. म्हापशाची बस दुपारी देवळासमोरून सुटायची. आई आणि धाकटी बहीण शैला आधीच येऊन उभ्या होत्या. बाबा उशिरा आले. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना कणीक लागलेली होती. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय त्याला घुमारा येत नाही, आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. ते काम अर्धे टाकून बाबा आले होते.

"सप्त्याक येतलस मां?" त्यांनी विचारले.

"येतलंय," मी म्हणालो.

"ओ पखवाजवालेनू," कंडक्टर दारातून ओरडला, "बस सोडू काय आरती करतास?"

बस सुटली. मी सप्ताहाला आलो तो सात वर्षांनी.

ज्यांनी आमच्याकडचा सप्ताह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात सात दिवस देवळात भजन अखंड चालते. दिवसाचे पार, म्हणजे पहारे, वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक पार एकेका घराच्या मानाचा असतो. मंडपात पखवाज नेहमी दोन. एक वाजत असतो, दुसरा सुरात लावून शेजारी ठेवलेला असतो. पार बदलताना नवा वादक दुसऱ्या पखवाजावर बसतो, तोच ताल धरतो, आणि तो नीट बसला की मगच जुना हात उचलतो. मधे एक मात्राही रिकामी जाता कामा नये. ज्या घराला वादक देता येत नाही त्याचा पार पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळतो. दुपारचा पार आमचा होता. माझ्या पणजोबांपासून तो आमच्याकडे होता आणि बाबांनंतर मी बसणार हे ठरलेले होते. मी एकुलता मुलगा, आणि मंडपात पखवाजावर बायका बसत नसत. वयाच्या आठव्या वर्षापासून बाबांनी मला शिकवले आणि बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकवले: "समेर इल्याबगर हात उचलू नको." आवर्तन जिथून सुरू होते ती पहिली मात्रा म्हणजे सम. फिरून कुठेही जा, पण तिथे यायचे.

सोडून जाण्याआधी मी पणजीच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला होता. त्याआधीची दोन वर्षे कोकणी की मराठी याशिवाय आमच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. मोर्चे, बंद, पत्रके, खुलासे. आमच्या घरात बोलायचे एका भाषेत आणि लिहायचे दुसरीत. आमच्या पेडणे तालुक्यात ही साधी गोष्ट होती. त्या दोन वर्षांत तिचा जबाब द्यावा लागू लागला. मी त्यामुळे गेलो असे नाही. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा माझा आतेभाऊ आधी बोटीवर गेला आणि मग न्यूयॉर्कला स्थिरावला. ब्राँक्समध्ये त्याचा वर्तमानपत्रांचा गाडा होता. त्याला माणूस हवा होता. मला गावाबाहेरचे जग हवे होते.

अशा रीतीने वर्तमानपत्र काढणारा माणूस वर्तमानपत्र विकू लागला. निम्मी वर्तमानपत्रे स्पॅनिश होती. मला मथळेसुद्धा वाचता येत नव्हते.

गाड्याच्या शेजारी तबकड्यांचे दुकान होते. मालक रामोन, साठीकडे झुकलेला, मूळचा पोर्तो रिकोच्या पोन्से गावचा. दुकानाच्या दारावर त्याने कर्णा लावला होता आणि तो दिवसभर वाजत असे. पहिला आठवडा मी तो आवाज सहन केला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की मुख्य गायक एक ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, गायक पुढची ओळ त्याच वेळी रचतो आणि बाकीचे पुन्हा तीच उचलतात. टाळकरी आणि बुवा. एवढी ओळख मला पुरली.

त्या संगीताचा इतिहास मी रामोनकडून तुकड्यातुकड्याने ऐकला. मूळ चाली क्यूबाच्या. तिथे क्रांती झाली, अमेरिकेने व्यापार बंद केला, आणि हवाना ते न्यूयॉर्क ही वादकांची ये-जा थांबली. न्यूयॉर्कमध्ये उरली ती मुख्यतः पोर्तो रिकोहून आलेल्यांची मुले. साठ आणि सत्तरच्या दशकांत त्यांनी त्या चाली आपल्या हातात घेतल्या. काही वाद्यवृंदांनी बासरी आणि व्हायोलिने काढून तिथे दोन पितळी ट्रॉम्बोन बसवले. ते गोड वाजवत नसत, गुरगुरवत. वेग वाढला. गाण्यांत कारखाने, तुरुंग, पडक्या इमारती आणि मागे राहिलेले बेट आले. गाणे अर्ध्यावर संपायचे आणि खरे काम पुढे सुरू व्हायचे: गायक आणि कोरस यांची सवाल-जबाबाची फेरी, मग ट्रॉम्बोन एकावर एक चढवत नेलेले छोटे तुकडे, मग कोंगा, बोंगो आणि तिंबाल या चर्मवाद्यांपैकी एकाला मोकळे रान.

याला साल्सा हे नाव कोणी दिले यावरून भांडण होते. क्यूबावाले म्हणायचे, हे आमचेच आहे, नाव तेवढे व्यापाऱ्यांचे. पोर्तो रिकोवाले म्हणायचे, आमच्या पोरांनी घाम गाळला म्हणून ते उभे राहिले. रामोनच्या दुकानात हा वाद दर शनिवारी व्हायचा. मी तो पणजीला ऐकून आलो होतो, फक्त विषय वेगळा होता.

मी पोचलो तोपर्यंत त्या संगीताचे दिवस फिरले होते. नवी साल्सा प्रेमगीतांची होती. गायक पुढे, वाद्ये मागे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. नाचघरांना तीच हवी होती. रामोन सत्तरच्या दशकात ट्रॉम्बोन वाजवून जगला होता आणि आता तबकड्या विकत होता. जुन्या पद्धतीला लोक 'दुरा' म्हणू लागले होते, म्हणजे कठीण, टणक. "आम्ही वाजवत होतो तेव्हा तिला काही विशेषण नव्हते," तो म्हणायचा. आमच्याकडे ब्रॉयलर आल्यावर घरच्या कोंबडीला गावठी म्हणू लागले, त्यातलाच प्रकार.

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत रामोन आणि त्याचे जुने सोबती जमायचे. त्यांचा कोंगावाला फ्लोरिडाला राहायला गेला होता. मी चर्मवाद्य वाजवतो हे आतेभावाने सांगून टाकले. हात तयार होता. बोल दोन रविवारांत उतरले. अडले ते वेगळ्याच जागी.

त्यांच्या संगीतात क्लावे नावाची एक रचना असते. दोन लाकडी दांड्यांचे पाच ठोके: एका भागात तीन, दुसऱ्यात दोन. दांड्या कोणी वाजवो न वाजवो, बाकी सगळे त्या पाच ठोक्यांच्या हिशेबाने बसते. आणि पहिल्या मात्रेवर खर्जाचा बास येतच नाही. तो आदल्या फेरीच्या शेवटच्या मात्रेला वाजतो आणि पहिल्या मात्रेवरून नुसता ताणलेला जातो. कोंगाचे मोकळे ठोकेही त्याच शेवटच्या मात्रेला. मी मात्र फिरून फिरून पहिल्या मात्रेला भरदार थाप देत होतो. खोलीत तिथे थाप देणारा मी एकटा होतो.

रामोनने ट्रॉम्बोन खाली ठेवला. "तुझा बाप पोलीस होता का रे?"

"नाही. का?"

"दर फेरीला येऊन दार ठोठावतोस. दार उघडे आहे, बाबा. आत ये."

सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या फेरीला पुन्हा ठोठावले. ज्या एका गोष्टीसाठी बाबांनी माझ्या बोटांवर टाळ मारला होता, तीच इथे चूक होती. ती सोडायला मला दीड वर्ष लागले. एका रविवारी माझा हात शेवटच्या मात्रेला पडला आणि पहिल्या मात्रेवर आपोआप वर राहिला. रामोनने या वेळी वाजवणे थांबवले नाही एवढेच. त्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत मला अमेरिका सोडता येत नव्हती. घराशी संबंध पत्रांचा आणि कॅसेटचा. मी रविवारच्या वादनाची एक कॅसेट भरून पाठवली. शैलाचे उत्तर सहा आठवड्यांनी आले. बाबांचे बोलणे ती जसेच्या तसे उतरवायची. "दादा, बाबांनी कॅसेट तीनदा ऐकली. म्हणतात, हे लोक समेर कित्याक येनत नाय? भिकूकाका आले होते, ते म्हणाले रेकॉर्ड करताना तुझी मशीन बिघडली असणार." भिकूकाका आमच्या वाड्यावरचे, सप्ताहाची यादी तेच ठेवायचे.

पुढच्या पत्रात होते: "बाबांनी आज जेवताना मधेच सांगितले, त्याका लिही. सम आसा. पण ती कोण वाजयत नाय. सगळे तिका वाट करून दितत."

मी ते पत्र रामोनला समजावून सांगितले. तो म्हणाला, "तुझ्या बापाला पाठव इकडे. तू जा परत."

१९९३ च्या पावसाळ्यात आलेले पत्र छोटे होते. "बाबांचा उजवा हात कापतो. या वर्षी पार कसाबसा पुरा केला. भिकूकाका म्हणाले, पुढच्या वर्षी माणूस दिला नाही तर पार खालच्या वाड्याला जाईल. बाबा म्हणतात, तू येशील. दुपारी मी पखवाजावर बसते, ते बोल सांगतात. हे कोणाला लिहू नकोस."

कागदपत्रे १९९४ च्या वसंतात झाली. श्रावणात मी कोरगावात होतो. हरमलच्या रस्त्याला भाड्याच्या मोटरसायकलवर गोरे लोक दिसत होते. डिचोलीकडून येणारा मामा आला तो अंगावर खाणीची लाल धूळ घेऊन, पूर्वीसारखाच. घरात पखवाज नव्या वादीने आवळलेला होता. बाबांनी माझे हात हातात घेऊन उलटे करून पाहिले. तळव्यांवर कोंगाचे घट्टे होते. त्यांचा उजवा हात थांबत नव्हता.

"वाजवन दाखय," ते म्हणाले. मी वाजवले. सावकाश लयीत सगळे जागेवर होते. ते समाधानाने उठले. शैला दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पाराला मी बसलो. मी ताल धरला, मग आधीच्या वादकाने हात उचलला. मंडप भरलेला होता, बाया खांबाच्या पलीकडे. पहिले दोन अभंग व्यवस्थित गेले. तिसऱ्याला बुवांनी लय चढवली. टाळकरी उभे राहिले. त्या वेगात माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. तो शेवटच्या मात्रेला पडला आणि समेवर वर राहिला. टाळ समेवर आले, तिथे पखवाज नव्हता. मी सावरले. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. दोन टाळकरी माझ्याबरोबर आले, बाकीचे समेबरोबर. बुवांनी माझ्याकडे पाहिले.

"न्यूयॉर्काक जावन हात इकून इलस काय रे?" भिकूकाका मागून म्हणाले. सगळ्यांनी ऐकले.

बाबा माझ्या डाव्या बाजूला बसले होते. त्यांनी शेजारचा दुसरा पखवाज ओढला. मला वाटले, ते स्वतः बसणार. त्यांनी तो खांबाच्या दिशेने फिरवला आणि हाक मारली, "शैला. बस."

ती आली. बसली. पदर खोचला.

"चेडू बसतलां?" भिकूकाका म्हणाले.

"पार आमचो," बाबा म्हणाले. मान वळवली नाही. "बसतला कोण तां आमी बघतलव."

शैलाने दोन आवर्तने ऐकली. तिसऱ्याच्या समेवर तिची थाप पडली, टाळांच्या बरोबर. तिने ताल धरला. बाबांनी माझ्या मनगटाला हात लावला. मी हात उचलला. मधली एकही मात्रा रिकामी गेली नव्हती. उरलेला पार तिने पुरा केला. भिकूकाका शेवटपर्यंत मंडपात बसून होते आणि शेवटी त्यांनीच तिला पाण्याचा तांब्या दिला.

संध्याकाळी मी बाबांना म्हटले की चूक माझी झाली. ते पखवाजाची कणीक खरवडत होते, डाव्या हाताने. "चूक न्हय," ते म्हणाले. "तुजो हात थंय रवलो. रवांदे. हंय शैला आसा."

पुढच्या वर्षीच्या यादीत दुपारच्या पारापुढे भिकूकाकांनी बाबांचे नाव खोडून शैलाचे लिहिले. बाबा त्यानंतर तीन वर्षांचे सप्ताह बसून ऐकू शकले. रामोनचे दुकान बंद झाले, पण रविवारची खोली दुसरीकडे हलली आणि कोंगा अजून माझ्याकडे आहे. ब्राँक्समध्ये अलीकडे तरुण पोरे जुन्या पद्धतीने, दोन ट्रॉम्बोन घेऊन वाजवू लागली आहेत. ती आमच्याकडे शिकायला येतात. त्यांतले काही सुरुवातीला पहिल्या मात्रेवर थाप देतात. मी त्यांना दार उघडे असल्याचे सांगतो.

गावातले जे बाहेर गेले ते विचारतात की मी परत का येत नाही, आणि जे राहिले ते विचारतात की दरवर्षी का येतो. मी श्रावणात येतो. पार असतो म्हणून येतो.

गेल्या श्रावणातल्या सप्ताहात मी कोरगावात होतो. दुपारी पखवाजावर शैला बसली. माझ्या हातात टाळ होते. पार संपताना पुढच्या घराचा वादक दुसऱ्या पखवाजावर बसला. त्याने ताल धरला. मग शैलाने हात उचलला.