विमल देवळापुढे खरं बोलली

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "मॅडम, मी बाळाराम घरत. विमलचा भाऊ," पलीकडचा माणूस म्हणाला. मला आधी धक्का बसला तो याचाच, की हा माणूस विमलबद्दल बोलतोय... सात वर्षं त्या बहीणभावांत शब्द नव्हता. मग तो म्हणाला, "विमल गेली. भाजी घ्यायला खाली उतरली नि तिथंच बसली. दाक्तर बोलला, हार्ट बंद पडला." तिच्या इमारतीच्या वॉचमनने मोबाइलमध्ये 'दादा' हे नाव शोधून पहिला फोन त्यालाच केला होता. आदल्या संध्याकाळी विमल माझ्याशी अर्धा तास बोलली होती. तिच्याकडे रोडपालीत पाणी कमी दाबाने येतंय, तिसऱ्या वर्षाचे पेपर तपासून झाले, रविवारी जेवायला ये... एवढंच. शेवटचं बोलणं असं असतं का? दीड महिना झाला, तरी मला ते खरं वाटत नाही.

पनवेलच्या कॉलेजात आम्ही बावीस वर्षं एकत्र शिकवलं. मी अर्थशास्त्र, ती इतिहास. तिचा विषय होता युद्धानंतरचा जपान. आगरी शेतकऱ्याची मुलगी नि जपान, हे काय, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, "माझा आजा कूळ होता. कूळकायद्यात भातखाचरं नावावर झाली, त्या दिवशी तो सातबारा उशाला घेऊन झोपला. एमएला वाचलं, तर जपान हरल्यावर तिथेही हेच झालेलं. सरकारने जमीनदारांच्या जमिनी घेतल्या नि कसणाऱ्यांना दिल्या. म्हटलं, ही तर आमच्याच घरची गोष्ट आहे." त्या एका वाक्यावर तिने मुंबईला क्लासला जाऊन जपानी शिकून घेतलं, पीएचडी केली आणि एका अभ्यासवृत्तीवर सहा महिने तिकडे राहून आली.

तिकडून आली ती मात्र वेगळाच विषय घेऊन. टोकियोपासून जरा दूर, नारिताला, विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, ती हकिकत. त्यातले बरेच जण युद्ध हरल्यावर, जपानच्या ताब्यातून गेलेल्या मांचुरियातून हात हलवत परतलेले. रानं तोडून, मुळं उपटून त्यांनी ती जमीन लागवडीला आणली होती. देश श्रीमंत व्हायला लागला, कारखाने वाढले, मोठा विमानतळ हवा वाटू लागला आणि सरकारने त्यांना न विचारताच जागा ठरवली. लोक अडून बसले. वर्षानुवर्षं मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली, पोलिसांतली आणि आंदोलकांतलीही. पुढे कधीतरी सरकारने चूक कबूल केली. आजही काही शेतं धावपट्ट्यांच्या मधोमध आहेत. अशाच एका शेतावरच्या म्हातारीला विमल भेटली होती. वर्गात ती हे सांगायची तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाइलही खाली जायचे.

आणि मग विमानतळ तिच्याच गावावर आला. दहा गावं उठणार, त्यात घरतांचं एक. आधी मोर्चे झाले, मग बैठका, मग एकेक घर जागा सोडायच्या संमतीपत्रावर सह्या करू लागलं. बाळाराम सही न करणाऱ्यांच्या पुढे होता. एका रविवारी देवळापुढे सभा बसली आणि लोकांनी विमलला बोलावलं. तिने मला सोबत नेलं होतं. गावातले एक आजोबा म्हणाले, "बाय, तू जपानमदी बगून आलीस. तितले लोक जागा सोडून गेले नाय ना? सांग जरा सगल्यांना."

ती उभी राहिली. मला वाटलं होतं, ती आता शेतातल्या म्हातारीचं सांगेल आणि टाळ्या घेईल. तिने सांगितलंही. पण थांबली नाही. म्हणाली, "जे राहिले, त्यांची जमीन राहिली. गाव नाय राहिला. कोणी सही केली, कोणी नाय केली, त्यावरून भाऊ भावाच्या मयताला गेला नाय. मी त्या आजीला विचारला, राहिलात ते बरा झाला का? ती बोलली, माझ्या मुलाला विचार. तो शहरात असतो नि माझ्याशी बोलत नाय." मग खाली बघत म्हणाली, "राहा का जा, ते मी नाय सांगणार. पण अर्धाच सांगितला तर मी तुमच्याशी खोटी ठरीन."

बाया उठून घरी गेल्या. महिन्याभरात उरलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांनी सह्या केल्या. शेवटी बाळारामनेही केली आणि त्याच दिवशी माझ्यासमोर तिला म्हणाला, "तुज्या जपाननी आमचा गाव उठवला." तो बायको-मुलांना घेऊन पनवेलजवळच्या कोन गावाला राहायला गेला. ती रोडपालीच्या फ्लॅटमध्ये एकटी. राखीपौर्णिमेला ती दरवर्षी कोनला जायची, वहिनीच्या हातात राखी देऊन दारातूनच परत यायची. मी एकदा चिडून म्हटलं, "तू गप्प बसली असतीस तर?" ती म्हणाली, "मग दादा बोलला असता माझ्याशी. पण मी वर्गात काय तोंडाने उभी राहिले असते?"

तेराव्यानंतर मी तिच्याकडची कॉलेजची पुस्तकं आणायला रोडपालीला गेले. दार उघडंच होतं. आत बाळाराम होता, बाल्कनीत, उकिडवा बसलेला. समोर थर्माकोलचे सात-आठ खोके मातीने भरलेले आणि त्यांतून वर ग्रिलला चढलेला वाल, शेंगांनी लगडलेला. आमच्याकडे भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर लावतात, तोच. मी इतक्यांदा त्या घरी जेवले, पण बाल्कनीत कधी डोकावलेच नव्हते. बाळारामने एक शेंग न तोडताच बोटांनी दाबून पाहिली, मग सोलली. दाणा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

"मॅडम, हा बाजारातला नाय," तो म्हणाला. "ही आमच्या खाचरातली बी हाय. बाबांची. आमी कोनला आलो तवा गडबडीत गाडगा फुटला नि सगली गेली... मला वाटला, संपली. हिनी त्याच्या आदी कवा मूठभर नेली, कलला नाय."

खाचर आता धावपट्टीखाली आहे. सात वर्षं ती दर हिवाळ्यात हे पेरत होती, अर्धं खात होती, अर्धं बियाण्याला ठेवत होती, आणि मला, तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला, त्यातला एक शब्द माहीत नव्हता.

फ्लॅटची किल्ली आता बाळारामकडे असते. दर दोन दिवसांनी तो कोनवरून येतो, चपला बाहेर काढतो, बादली भरतो आणि एकेका खोक्याला पाणी घालतो. परवा मी गेले तेव्हा शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. मी हात पुढे केला तसा तो म्हणाला, "नको मॅडम. वेलावर सुकू दे त्यांना."