कासारणीचं कोपर

लालबागच्या चाळींत कौसल्या कासारीण येण्याआधी तिची हाक यायची. "बांगड्या भरा गो बायांनो!" तिसऱ्या मजल्यावर भाकऱ्या थापणारीचा हातसुद्धा ती हाक ऐकून थबकायचा. मग खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा सावरत ती जिना चढायची आणि गॅलरीत ऐसपैस मांडी ठोकायची. हिरव्या, लाल, मोरपंखी माळा भोवती पसरल्या की बायका आपोआप गोळा व्हायच्या.

तिची खरी कला होती हातात. समोरचीचा पंजा आपल्या तळव्यात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचं आणि त्याच वेळी विचारायचं, "काय गो, माहेरची म्हैस व्याली का?" ती म्हशीचं सांगेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. हाडपेर कितीही रुंद असो, कौसल्येच्या हातून काच सहसा फुटत नसे. बांगड्या भरून झाल्या की बाई रिवाजाप्रमाणे तिला वाकून नमस्कार करायची, आणि कौसल्या तोंडभर आशीर्वाद द्यायची.

नवरा दत्ताराम मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. साच्यांच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून ती घरातही ओरडूनच बोलायची. त्यामुळे त्यांच्या संसारातलं एकही गुपित त्या मजल्यावर टिकलं नाही. टिकलं ते एकच, आणि ते तिनं दत्तारामलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सुरुवात डोक्यापासून झाली. काळ्या चंद्रकळेच्या खांद्यावर पांढरा भुगा पडायला लागला. कोंडा झाला असेल म्हणून तिनं लिंबू चोळलं, खोबरेल चोळलं, शिकेकाई लावली. कोंडा काही हटेना. बरं, हा कोंडा नेहमीसारखा बारीक नव्हता. कपाळाच्या वर, केसांच्या कडेला आणि कानांमागे जाडसर पापुद्रे धरायचे, आणि खाजवलं की खवल्यासारखे निघायचे.

मग कोपरं. दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लालसर चट्टे उठले. त्यांच्यावर चंदेरी पांढरी साल, आणि कडा अशी स्पष्ट की पेन्सिलनं आखावी. यावरही तिच्याकडे उत्तर तयार होतं. दिवसभर लाद्यांवर कोपरं टेकून बसते, घट्टे पडणारच! तिनं अंघोळीच्या वेळी वजरी घेतली आणि कोपरं घासून काढली. साल निघाली, तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले, आणि चार दिवसांत चट्टा पहिल्यापेक्षा जाड होऊन परत आला. तिनं आणखी जोरात घासलं.

नखांचं तर तिला हसूच आलं. नखांवर बारीक बारीक खळगे पडले होते, शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे. "काचेच्या धंद्यात नखं कुणाची धड राहतात?" ती स्वतःशीच म्हणाली.

अशी डोक्याची, कोपरांची, नखांची कारणं तिनं वेगवेगळी लावली. ही तिन्ही एकाच घरची मंडळी असतील, असं तिच्या मनातही आलं नाही.

ते सत्तावन्न साल होतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेनं पोरं झोपेतून उठायची. लालबाग-परळच्या बायकांनी ठरवलं की इथल्या मतांवर निवडून येऊन दिल्लीपुढे मान तुकवणाऱ्या पुढाऱ्याच्या कचेरीवर मोर्चा न्यायचा आणि त्याला बांगड्यांचा आहेर करायचा. बांगड्या अर्थात कौसल्येकडून.

"बांगड्या देते," कौसल्या म्हणाली, "पण मला एक सांगा. बांगड्या घातलेल्या आपण भर उन्हात रस्त्यावर, आणि बिनबांगड्यांचा तो आत पंख्याखाली दडलेला. मग बांगड्या देऊन त्याचा अपमान होतो का बांगड्यांचा?"

बायका हसून लोळल्या. तरी आहेर गेलाच. माळा घेऊन कौसल्या सगळ्यांत पुढे होती. कचेरीचं लोखंडी फाटक आतून बंद झालं, मागून रेटा आला, आणि तिचा उजवा हात फाटकाच्या गजांत दाबला गेला. हातातल्या बांगड्या पिचल्या आणि मनगटापासून कोपराच्या दिशेनं लांबच लांब ओरखडा उठला. रक्त पुसत पुसत तिनं उरलेल्या माळा फाटकाला टांगल्या आणि घोषणा देतच घरी आली.

ओरखडा भरला, खपली पडली, ती विसरूनही गेली. आणि मग एके दिवशी त्या जागेवर लाल रेघ वर आली. अगदी ओरखड्यावरून, जराही वाट न चुकता. तिच्यावर तीच चंदेरी साल. जणू हातावर कुणी चुन्याची रेघ ओढली होती.

या रेघेचं कारण मात्र कौसल्येला सापडेना. कोपर पदराखाली झाकता येत होतं, पण बांगड्या भरणारीनं मनगट कसं झाकावं?

त्याच सुमारास शेजारच्या चाळीतल्या कमलाबाईच्या राधाचं लग्न निघालं. राधाला परकरात असल्यापासून कौसल्येनंच बांगड्या भरलेल्या. चुड्याच्या दिवशी कौसल्या नवी साडी नेसून गेली. खोली बायकांनी भरलेली. तिनं राधाचा हात हातात घेतला, आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "तिच्या हाताक काय गो झालांहा?" दुसरी आणखी हळू म्हणाली, "महारोग तर नाय?"

शब्द हळू होता, पण खोलीभर ऐकू गेला. कमलाबाई पुढे झाली. तिनं मुलीचा हात सोडवून घेतला.

"आज राहू दे, कौसल्याबाय," ती खाली बघत म्हणाली. "चुडा आम्ही दुसऱ्या कासाराकडून भरून घेऊ. तू जेवून जा हां."

कौसल्या जेवली नाही. माळा गोळा करून घरी आली आणि बांधून खुंटीला टांगून ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून तिची हाक बंद झाली. घरात तिनं आपलं ताट वेगळं काढलं, तांब्या वेगळा केला. दत्तारामनं विचारलं तर म्हणाली, "उपास धरलाय." हे ती इतक्या हळू म्हणाली की त्याला ऐकूच गेलं नाही. त्यावरून मात्र काहीतरी बिनसलंय, हे त्यानं ओळखलं.

"अगं, ओरड की जरा," तो म्हणाला. "घर मुकं झाल्यासारखं वाटतंय."

तेव्हा ती रडली. हात पुढे केला, कोपरं दाखवली. दत्तारामनं हात उलटसुलट करून पाहिला, आणि मग तिचं वेगळं काढलेलं ताट उचलून आपल्या ताटाशेजारी मांडलं.

डिलाईल रोडवरच्या रमाबाईनं वाट मोकळी केली. ती परळच्या मोठ्या इस्पितळात आया होती. आदल्या वर्षी तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या नव्या तसबिरीखाली बसून तिनं कौसल्येकडून बांगड्या भरून घेतल्या होत्या. कासारीण फिरकत नाही म्हणून ती चौकशीला आली. ऐकलं सगळं, आणि आधी आपला हात पुढे केला.

"माझ्या दोन पिचल्यात. त्या भर बघू."

"रमाबाई, माझा हात..."

"तुझा हात बघायला डॉक्टर आहे. मला बांगडीशी काम. लोकांनी हात काढून घेतला की कसं वाटतं, ते मला नको सांगूस, कौसल्या. भर."

कौसल्येनं भरल्या. मग रमाबाईनं तिला सकाळी कातडीच्या विभागात यायला सांगितलं. "मी काही डॉक्टर नाही, मला विचारू नकोस काय आहे ते. पण घरात बसून कळणार नाही एवढं नक्की."

डॉक्टर धुरंधर मध्यम वयाचे, नीटनेटके, बोलायला मिठ्ठास होते. त्यांनी आधी हात पाहिलाच नाही. विचारलं, "पहिल्यांदा कुठं आलं?"

"कोपरावर."

"त्याआधी डोक्यात कोंडा?"

कौसल्या चमकली. "होता की! पण तो तर..."

"कानामागे? कमरेखाली? बेंबीत? गुडघ्यांवर?" एकेक विचारत त्यांनी तिची बोटं उजेडाला धरली. नखांवरचे खळगे पाहून मान हलवली. कापसाचा बोळा चट्ट्यावरून हलकेच फिरवला. "डोळे मिटा. बोळा लागतोय का?"

"लागतोय. गुदगुल्या होतायत."

"छान. सकाळी उठताना बोटं, गुडघे आखडतात? सांधे सुजतात?"

"नाही बा."

"सुजले तर लगेच यायचं. अंगावर काढायचं नाही." मग त्यांनी सालीचा एक पापुद्रा अलगद खरवडला. खाली रक्ताचे बारके ठिपके आले. "घरात आणखी कुणाला असं?"

कौसल्या नाही म्हणणार होती, तोच आठवलं. "बापाचे गुडघे असे होते. आठवडी बाजारात गुडघे मोडून बसायचा, त्यानं झाले असं आम्ही धरून चाललो."

"तुम्ही मंडळी कारणं फार लवकर शोधता," डॉक्टर हसले. "कोंडा, कोपरं, नखं, हा ओरखड्यावरचा चट्टा, सगळं एकच आहे. सोरायसिस म्हणतात त्याला."

"सोरा... काय? सोराबजी?"

बाजूला उभी असलेली नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरांनाही हसू आवरेना. "सोराबजी म्हणा हवं तर. कातडी आपली घाईनं नवी बनत राहते, जुनी गळायला वेळच मिळत नाही, म्हणून थर साचतात. खरचटलं की या चट्ट्यांना तिथंही उगवायची सवय असते. म्हणून वजरी बंद. खाजवणं बंद."

तिनं धीर करून विचारलं. "महारोग नाही ना?"

"नाही. त्यात चट्ट्याची जाणीव जाते, तुम्हाला तर गुदगुल्या झाल्या. आणि हे बघा, त्या रोगावरही आता गोळ्या निघाल्यात, कुणाला घराबाहेर काढायचं काही कारण उरलेलं नाही. हा तर लागटसुद्धा नाही. हात धरून नाही, ताटातून नाही, कशानंच नाही." आणि त्यांनी तिचा उघडा हात आपल्या उघड्या हातात धरून ठेवला. गेल्या कित्येक दिवसांत रमाबाई आणि दत्ताराम सोडून कुणी असा धरला नव्हता.

"मग बरा कधी होईल?"

"साफ जाईल असं सांगितलं तर ते खोटं होईल. येतो, जातो. थंडीत वाढतो, काळजीनं वाढतो. डांबराचं मलम देतो, अंघोळीनंतर तेल लावा, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसा. आणि काळजी करू नका."

"डॉक्टरसाहेब," कौसल्या म्हणाली, "मुंबई अजून मिळाली नाही, आणि काळजी करू नको म्हणता?"

बाहेर आल्याबरोबर तिचा आवाज परत आला होता. ट्रामच्या थांब्यावर तिनं रमाबाईला सगळं पुन्हा सांगितलं, आणि थांब्यावरच्या इतर सगळ्यांनीही ऐकलं.

चाळीत तिनं लपवाछपवी केली नाही. गॅलरीत बसली, बाही वर सारली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटली. "हे बघा सोराबजी. पारशी भाडेकरू आहे, निघता निघत नाही, पण दुसऱ्याच्या खोलीत घुसत नाही. डॉक्टरनं हात धरून सांगितलंय." काही बायका हसल्या आणि लगेच हात पुढे केला. काहींनी फक्त हसून घेतलं. कमलाबाईची तऱ्हा तर न्यारीच. ती कौसल्येकडून बांगड्या विकत घ्यायची, पण घरी नेऊन स्वतः भरायची, आणि निम्म्या फोडायची. काचा वेचताना दिसली तरी कौसल्या तिला एका शब्दानं बोलली नाही. काही दारं मात्र कायमची बंद झाली. तिथून जाताना तिची हाक जरा लहान व्हायची.

डांबराच्या मलमाचा वास एवढा उग्र, की दत्ताराम म्हणायचा, "रस्ता दुरुस्त करणाऱ्या बाईशी लग्न लागलंय माझं." पण रोज पाठीवर नव्यानं उठलेल्या चट्ट्यांना, जिथं तिचा हात पोचत नसे तिथं, तोच लावून द्यायचा.

उन्हासाठी ती सकाळी चाळीच्या गच्चीवर जाऊन बसू लागली. रिकामं बसायची तिला सवय कुठली? माळा सोबत नेल्या. गच्चीवर बायका पापड वाळत घालायला, गाद्या उन्हाला टाकायला यायच्या. बघता बघता बाजूच्या चाळींतल्याही यायला लागल्या. तिथं उजेड भरपूर, हात मोकळे, आणि तिला सवय जडली नखं बघायची. एका सुनेच्या नखांवर खळगे दिसले. "डोक्यात कोंडा आहे का गो?" तिनं विचारलं. सून म्हणाली, "आहे, पण तो साबणानं झालाय." कौसल्या इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या माळा घसरल्या. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन ती डॉक्टर धुरंधरांकडे गेली. मात्र काय आहे ते तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. "ते त्यांनी सांगायचं," ती म्हणायची.

राधा सणाला माहेरी आली ती थेट गच्चीवर आली. हातात सासरच्या कासारानं भरलेल्या घट्ट बांगड्या, मनगटावर वळ उठलेले.

"मावशी, ह्या काढ आणि तुझ्या भर."

"आईला विचारलंस?"

"आई घरी काचा वेचतेय," राधा म्हणाली.

साठ सालच्या एक मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला. सकाळपासून लालबागेत ढोल, गुलाल, लेझीम. त्या उन्हाळ्यात कौसल्येची कातडी बरीच निवळली होती. कोपरांवर फक्त फिकट डाग राहिले होते. थंडीत पुन्हा येणार हे तिला ठाऊक होतं, आणि मलमाची नवी डबी फळीवर तयार होती. गच्चीवर बायकांची झुंबड उडाली, सगळ्यांना हिरव्याच बांगड्या हव्या. ऊन चढलं तशी ती माळा घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकली, आणि रांगही तिच्यामागून हसत, ढकलत, सावलीत सरकली.